जिन-प्रेस, वऱ्हाडातील

कापसातील सरकी काढून रुईच्या दाबगाठी बांधण्याचा कारखाना. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा इ. शहरांतील जुन्या व्यापारी वास्तूंचा हा वैशिष्ट्यपूर्ण प्रकार होय.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला. तत्पूर्वी येथील कापूस बैलांवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस दुर्मिळ झाला आणि वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. अकोला या मार्गावरच होते. बाजूस पडलेल्या खामगाव व अमरावती या पेठांसाठी अनुक्रमे जलंब व बडनेरा येथून शाखामार्ग काढण्यात आले.

कापसाच्या वजनात रुई सु. एकतृतीयांश व उरलेली बहुतांश सरकी असते. शिवाय सुटी रुई फार जागा व्यापते. त्यामुळे सरकी काढून व रुई दाबूनच माल आगगाडीत चढविणे किफायतशीर ठरले. हातरेच्याची जागा वाफेवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली व बाजार आणि रेल्वेस्थानक यांच्या आसपास जिन-प्रेस उभारले गेले.

जिनघर लांबट असून त्यात यंत्रांच्या रांगा असत. यंत्रांत कापूस घालण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया करीत. प्रेसघरात रुईच्या गाठी दाबून त्या लोखंडी पट्ट्यांनी आवळीत. बाष्पित्राचे उंच धुराडे दुरूनही दिसे. आगीच्या भयामुळे दोन इमारतींमध्ये मोकळे अंतर ठेवीत. कापसाच्या गंज्या व गाड्या यांसाठीही प्रशस्त आवार लागे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने वजन व भाव हे कळीचे प्रश्न होते. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजार समिती, तसेच दलाल व मापारी यांचे परवाने यांची तरतूद केली. पुढे शाही कृषी आयोगाने (१९२८) ही पद्धत इतरत्र लागू करण्याची शिफारस केली. भारतातील बाजार समित्यांच्या परंपरेचा आरंभ असा वऱ्हाडात आढळतो.

१९७२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. त्यामुळे अनेक खाजगी जिन-प्रेस व्यापारी केंद्रे न राहता शासकीय खरेदीच्या कापसावर मोबदल्याने प्रक्रिया करू लागले. २००० मध्ये केंद्र शासनाने आरंभिलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने स्वच्छ रुई, पक्के ओटे व स्वयंचलित यंत्रे यांवर भर दिला. अशा कारखान्यांना शहराबाहेरील जागा सोयीची ठरली. मध्यवस्तीतील जुन्या आवारांचे मोल त्यामुळे इमारतींपेक्षा जमिनीत अधिक राहिले व काही ठिकाणी तेथे दुकाने व निवासी संकुले झाली. जी जिनघरे व धुराडी टिकून आहेत, ती वऱ्हाडातील पेठा स्थानकाकडे का वाढल्या, याचा प्रत्यक्ष पुरावा होत. त्या दृष्टीने त्यांची नोंद व जतन आवश्यक आहे.