काळदुर्गावर एक सकाळ : शिखरापेक्षा सोबत मोठी

इराणमधील दमावंद हा ५,६०० मीटरहून उंच ज्वालामुखी. वसंत ऋतूत तिथे मित्रांचे गट पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून चढतात आणि त्याच पट्ट्यांवरून घसरत खाली येतात. तुर्कस्तानातील एर्जियेस या ज्वालामुखीवरही असे लोक जातात. या सर्वांचा एक नियम असतो. पहाटे निघायचे आणि उन्हाने बर्फ मऊ होण्याआधी परतायचे. शिखर चार पावलांवर असले तरी ठरलेली वेळ झाली की माघारी वळायचे, कारण दुपारी भिजलेला बर्फ डोंगरावरून कोसळू शकतो.

आपल्या पालघर जिल्ह्यात बर्फ नाही. पण ज्वालामुखीने घडवलेले डोंगर आहेत आणि दहानंतर अंग भाजणारे ऊन आहे. म्हणून तोच नियम आम्हीही पाळायचे ठरवले.

आम्ही सहा मित्र. काही बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारे, काही पालघरला दुकान चालवणारे. यंदा रमजान ईद वसंतातच आली. ईदनंतरच्या रविवारी तीन घरांतली मुले सोबत घेऊन, फजरची नमाज पढून आम्ही काळदुर्गाकडे निघालो. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत उतरले की पायवाट सुरू होते. खिंडीतले वाघोबाचे ठिकाण आदिवासी बांधवांचे श्रद्धास्थान आहे. तिथे आवाज न करता पुढे जावे, आणि माकडे पुष्कळ असल्याने हातात खाण्याची पिशवी ठेवू नये.

सात वाजता चढ सुरू केला. दहाला जिथे असू तिथून परतायचे, हे सर्वांसमोर ठरले होते. पळस फुलला होता. मोहाखाली आदिवासी भगिनी फुले वेचत होत्या. आम्ही त्यांच्या बाजूने वळसा घालून गेलो.

वाटेत मुलांना एका काळ्या दगडात पांढऱ्या गारा दिसल्या. ‘चाचा, दगडात दगड कसा?’ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब चिरली आणि त्या भेगांतून लाव्हा वाहिला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, असे होत आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकला गेला. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजे साचली. त्याच या गारा. आपल्या घरांच्या पायाला लागतो तो काळा दगडही हाच. मग मुलांना मदिनेची हकिकत सांगितली. हिजरी ६५४, म्हणजे इ.स. १२५६ मध्ये मदिनेजवळ ज्वालामुखी उसळला होता. लाव्हा शहराच्या दिशेने आला, पण शहरात शिरला नाही. मुले गप्प होऊन ऐकत राहिली.

पावणेदहाला आम्ही माथ्यावरच्या चौकोनी कातळाखाली पोहोचलो. पश्चिमेला सपाट किनारपट्टी आणि पलीकडे धूसर समुद्र दिसत होता. तेवढ्यात आमच्यातले वडीलधारे भाई मटकन खाली बसले. त्यांना मधुमेह आहे. हात थरथरत होते, कपाळावर थंड घाम होता. साखर उतरल्याची ही लक्षणे. त्यांना लगेच साखरपाणी दिले, थोड्या वेळाने खजूर आणि बिस्किटे दिली. पंधरा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला.

‘तुम्ही वर जाऊन या, मी इथे सावलीत बसतो,’ ते म्हणाले. माथा अगदी जवळ होता. मोठ्या मुलांची पावले वर वळलीही होती. पण दहा वाजले होते आणि आजारी माणसाला डोंगरावर एकटे ठेवायचे नव्हते. अर्ध्यांनी वर जावे, हा पर्यायही आम्ही घेतला नाही. उतरताना त्यांना दोन्ही बाजूंनी आधार लागणार होता आणि ऊन वाढत होते. सगळेच उतरलो. मुले रुसली. खाली येईपर्यंत मात्र तीच भाईंची पिशवी आळीपाळीने वाहत होती. घरी पोहोचल्यावर भाईंनी डॉक्टरांना दाखवले. औषधाची मात्रा आणि खाण्याच्या वेळा बदलून मिळाल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याला रेल्वेतून रोज दिसणारे हे डोंगर मुलांना जरूर दाखवा. माणशी तीन लिटर पाणी, पायांत घट्ट बूट, डोक्याला टोपी किंवा ओढणी आणि पिशवीत साखर असू द्या. घरी परतण्याची वेळ सांगून निघा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्लास्टिक वर टाकू नका. आणि माघारी वळण्याची वेळ निघण्याआधीच ठरवा, कारण माथा समोर दिसू लागल्यावर ती ठरवणे कोणालाच जमत नाही. काळदुर्ग कुठे जात नाही. पुढच्या हिवाळ्यात, इन्शाअल्लाह, पुन्हा जाता येईल.