स्कीच्या शाळेचा पहिला दिवस

स्वित्झर्लंडमधील अनेक शाळा हिवाळ्यात मुलांना आठवडाभराच्या स्की-शिबिराला नेतात. झुरिक परिसरात तर फेब्रुवारीच्या सुमारास शाळांना खास ‘क्रीडा-सुटी’च असते. तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे अशा वेळी एक पेच उभा राहतो. वर्गातील इतर अनेक मुले अगदी लहानपणापासून स्कीवर उभी राहिलेली असतात. आपल्या मुलाने मात्र स्की हातातही धरलेली नसते आणि आईवडिलांनीही नाही. सायकल शिकवताना मागून धरून धावता येते, पोहायला शिकवताना पोटाखाली हात देता येतो. येथे तीही सोय नाही. त्यामुळे मुलाला स्की-स्कूलमध्ये घालणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

या शाळांची परंपरा जुनी आहे. ऑस्ट्रियातील आर्लबर्ग भागात, सांक्ट आन्टोन या गावी हान्नेस श्नायडर यांनी १९२१ मध्ये स्की-शाळा काढली आणि सोप्याकडून अवघडाकडे नेणारी शिक्षणपद्धती रूढ केली. आजही पहिला धडा थांबण्याचाच असतो. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर केली, की पाचरीसारखा आकार होतो. स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. लहान मुलांना ही स्थिती ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात. पिझ्झाच्या त्रिकोणी तुकड्यासारखी दिसते म्हणून. स्की समांतर ठेवल्या, की ‘फ्रेंच फ्राइज’. हे दोन शब्द आणि त्यांचा अर्थ घरच्या गालिच्यावर आधीच खेळून घेतला, तर पहिल्या दिवशी शिक्षकाची भाषा परकी असली तरी मुलाचे अडत नाही.

तयारीत सर्वाधिक चूक होते ती बुटांच्या बाबतीत. कपडे आणि चपला ‘वाढत्या अंगाच्या’ घेण्याची आपली सवय येथे घातक ठरते. स्कीचे बूट सैल असले, तर पाय आत सरकतो आणि स्की ऐकेनाशी होते. ताठ उभे राहिल्यावर बोटे बुटाच्या टोकाला जेमतेम लागावीत, गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे यावीत आणि टाच वर उचलली जाऊ नये, असे माप योग्य समजावे. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालू नयेत. मोज्याची घडी पायाला टोचते, बूट आवळला जाऊन रक्तपुरवठा मंदावतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा पुरतो.

बूट स्कीला जोडणारी खटक्याची रचना, म्हणजे बाइंडिंग, पडल्यावर सुटावी लागते. न सुटल्यास पायाला पीळ बसतो. तिचा ताण मुलाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. म्हणून साहित्य भाड्याने घेताना दुकानदाराला मुलाचे खरे वजन सांगावे आणि बाइंडिंगचे स्क्रू स्वतः फिरवू नयेत. साहित्य आदल्या दिवशी दुपारीच आणावे, म्हणजे सकाळची घाई टळते. लहान नवशिक्यांना काठ्या बहुधा देत नाहीत. त्या मागण्याचा आग्रह धरू नये.

हेल्मेटला पर्याय नाही. इटलीत २००५ पासून १४ वर्षांखालील मुलांना ते सक्तीचे झाले आणि २०२२ पासून ही मर्यादा १८ वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. मफलर देऊ नये, तो लिफ्टमध्ये अडकू शकतो. त्याऐवजी गळ्याभोवतीची कापडी नळी वापरावी. लहानग्यांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र राहणारे मोजे बरे. ते अधिक उबदार असतात. ऊन सौम्य वाटले तरी फसू नये. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण सुमारे १० ते १२ टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतील ८० टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो. गॉगल आणि सनस्क्रीन हवेतच.

सकाळी पोटभर न्याहारी द्यावी. अंगावरचा जामानिमा चढवण्यापूर्वी मुलाला स्वच्छतागृहात नेऊन आणावे. सगळे कपडे घातल्यावर हे काम पाच मिनिटांचे राहत नाही. खिशात पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. ‘थांबा’, ‘थंडी वाजते’, ‘लघवीला जायचे आहे’ एवढी वाक्ये तेथील भाषेत पाठ करून घ्यावीत. गटापासून चुकल्यास उतारावर भटकू नये, जवळच्या लिफ्टवरील कर्मचाऱ्याला सांगावे, हेही सांगून ठेवावे.

पहिल्या दिवशी मूल डोंगर उतरेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. जड बुटांत चालणे, एका स्कीवर घसरणे, पडून उठणे आणि ‘मॅजिक कार्पेट’ नावाच्या सरकत्या पट्ट्यावरून जवळजवळ सपाट उताराच्या माथ्यावर जाणे, यातच सकाळ सरते. मूल रडण्याची शक्यता असतेच. पालकांनी निरोप थोडक्यात घ्यावा आणि कुंपणाशी उभे राहून सूचना देण्याचा मोह टाळावा. आई दिसत राहिली, की मूल शिक्षकाकडे नव्हे, तिच्याकडे पाहत राहते.

वर्ग सुटल्यावर ‘आता आम्हाला करून दाखव’ हा आग्रह तर मुळीच नको. थकलेल्या पायांना वेग आवरत नाही. ‘किती वेळा पडलास?’ याऐवजी ‘उठायला कसे शिकवले?’ असे विचारावे. उठता येते हे एकदा कळले, की पडण्याची भीती आपोआप कमी होते आणि दुसऱ्या दिवशी बूट घालण्यासाठी मुलाची मनधरणी करावी लागत नाही.