समघटकता: एकच रेणुसूत्र, निराळी संयुगे

व्याख्या

रेणुसूत्र एकच, पण अणूंची जोडणी किंवा अवकाशातील मांडणी वेगळी, अशा संयुगांना समघटक म्हणतात. १८२८ मध्ये व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला. दोन्हींत अणू तेच आणि तितकेच होते. १८३० मध्ये बर्झेलियस यांनी अशा संयुगांसाठी ‘आयसोमर’ ही संज्ञा वापरली.

रचना समघटकता

येथे अणू कोणाला जोडलेला आहे हेच बदलते. ब्युटेनचे चार कार्बन एका सरळ साखळीत असतात, तर आयसोब्युटेनमध्ये त्यांपैकी एक शाखेवर असतो. सरळ रेणू एकमेकांना अधिक लांबीभर भिडतात, त्यामुळे त्यांच्यातील आकर्षण वाढते. म्हणून ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, आयसोब्युटेन मात्र उणे ११.७ अंशांनाच. क्रियात्मक गट बदलला तर फरक याहून मोठा असतो. इथेनॉल द्रव आहे; त्याच अणूंचा डायमिथिल ईथर नेहमीच्या तापमानाला वायू असतो. कार्बनची संख्या वाढेल तसे पर्यायही झपाट्याने वाढतात: पेंटेनचे रचना समघटक ३, डेकेनचे ७५.

भौमितिक समघटकता

येथे जोडणी सारखीच असते. दुहेरी बंधाभोवती रेणू सहज फिरू शकत नाही, म्हणून गट बंधाच्या एकाच बाजूला (सिस) किंवा विरुद्ध बाजूंना (ट्रान्स) अडकून राहतात. मॅलिइक आम्लाचे दोन आम्लगट शेजारी असल्याने तापवल्यावर पाण्याचा रेणू सहज बाहेर पडतो. फ्युमॅरिक आम्लात ते दूर असल्याने तसे होत नाही. डोळ्यातील रेटिनल तर प्रकाश शोषताच सिसमधून ट्रान्स होते. दृष्टीची पहिली रासायनिक पायरी ती हीच.

प्रकाशीय समघटकता

सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत विलक्षण प्रकार हा. एका कार्बनला चार वेगवेगळे गट जोडले की रेणूची दोन रूपे संभवतात. उजव्या-डाव्या हातांप्रमाणे ती परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात, पण एकावर एक ठेवून जुळत नाहीत. १८४८ मध्ये पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे असे दोन प्रकारचे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले. एका द्रावणाने ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवले, दुसऱ्याने तितकेच डावीकडे. चतुष्फलकी कार्बनची कल्पना मांडून व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले.

या दोन रूपांचे उत्कलनांक, घनता, विद्राव्यता सारखीच असते. त्यांच्यातील फरक ओळखायला समोरची वस्तूही ‘डावी’ किंवा ‘उजवी’ असावी लागते. नाकातील ग्राही प्रथिने तशीच असतात. कार्व्होनचे एक रूप बाळंतशेपांत असते, दुसरे पुदिन्यात. दोन्ही चुरगाळून हुंगले की वासातला भेद लगेच कळतो.

औषधांतील उपयोग आणि मर्यादा

शरीरातील विकरेही अशीच निवडक असल्याने औषधाचे एक रूप उपयुक्त, तर दुसरे निष्क्रिय किंवा घातक ठरू शकते. साध्या संश्लेषणात मात्र दोन्ही समप्रमाणात तयार होतात. एकच हवे असेल तर ते वेगळे काढावे लागते किंवा खास उत्प्रेरक वापरावा लागतो. तरीही धोका टळेलच असे नाही. गर्भातील बालकांत गंभीर व्यंगे निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइडची दोन रूपे शरीरात एकमेकांत बदलतात, त्यामुळे एकच शुद्ध रूप दिले तरी काही वेळात दुसरे तयार होते.