अंधुक उजेडाचा हिशेब

पांढरकवड्याहून निघून सुन्ना प्रवेशद्वारापाशी पहाटे थांबलेल्या जिप्सीतला मनुष्य, मग तो नागपूरचा छंदिष्ट असो की पोटासाठी छायाचित्रे घेणारा व्यावसायिक, आपल्या मांडीवरील कॅमेऱ्याची जी थोरवी आदल्या रात्री जेवणावर बसून गात असतो, ती सागाच्या रानात शिरल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच ओसरते. कारण टिपेश्वरचा वाघ पुष्कळदा अशा घटकेला रस्त्यावर येतो, की त्याचे पट्टे डोळ्याला स्पष्ट दिसत असतात आणि कॅमेऱ्याला मात्र ते चाचपडत मोजून घ्यावे लागतात.

टिपाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे हे अभयारण्य सरकारदप्तरी १९९७ साली नोंदले गेले. त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर, म्हणजे वाघांच्या मानाने बेताचेच. इतके बेताचे की २०१९ साली इथून बाहेर पडलेला एक तरुण नर थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला, आणि त्याची एकूण पायपीट गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याने तीन हजार किलोमीटरांहून अधिक नोंदवली. अशा रानात कॅमेऱ्यांची तुलना करण्याची संधी आपोआप मिळते, कारण एका गाडीत निकॉन आणि कॅनन या दोन घराण्यांचे भक्त हटकून असतात.

वादाचा मुख्य विषय असतो नॉईज. शब्द ध्वनीच्या प्रांतातला; पण इथे कानावर काहीच पडत नाही, चित्राच्या काळोख्या भागात वाळू पेरल्यासारखे रंगीत कण तेवढे दिसतात. जुन्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचे दाणे असत आणि त्यांना एक प्रकारची शोभाही असे. हे कण त्या कुळातले नव्हेत. वळिवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडतात तेव्हा शेजारशेजारच्या दोन सारख्या फरश्यांवर थेंबांची संख्या सारखी कधीच नसते, आणि धार लागली की तो भेद नाहीसा झाल्यासारखा वाटतो. प्रकाशही असाच कणाकणाने पडतो. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० प्रकाशकण पडावयाचे असतील तर प्रत्यक्षात सुमारे १० कमी किंवा अधिक पडतात, म्हणजे शेकडा दहाची तफावत. १०,००० पडावयाचे असतील तर तफावत सुमारे १००, म्हणजे शेकडा एक. हा दोष कोणत्याही कारखानदाराचा नव्हे, तो प्रकाशाचा स्वभाव आहे.

कॅमेऱ्याच्या पदरी जो दोष जातो तो पुढचा. जमा झालेला विद्युत्भार वाचताना मंडलातली थोडी खळबळ त्यात मिसळते. सेन्सर तापला म्हणजे प्रकाश नसतानाही काही भार आपोआप साठतो, आणि तापमान सहा ते आठ अंशांनी चढले की तो जवळपास दुप्पट होतो. पंचेचाळीस अंशांच्या यवतमाळी वैशाखात ही गोष्ट ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सेकंदाच्या शतांश-सहस्रांशात शटर मिटणाऱ्यास तिचा उपद्रव अल्पच, तो भोगावा लागतो रात्रीच्या आकाशासाठी शटर दीर्घकाळ उघडे ठेवणाऱ्यास. राहिला आयएसओ. तो वाढविल्याने उजेड वाढतो ही समजूत अद्याप सार्वत्रिक आहे. वस्तुतः जमेची रक्कम तेवढीच राहते, खतावणीतले आकडे फक्त मोठ्या अक्षरांत लिहिले जातात.

२००७ साली निकॉनने डी३ आणला, तेव्हा या जमाखर्चाकडे व्यावसायिकांचे लक्ष प्रथम जोराने वेधले गेले. त्याच वर्षीच्या कॅननच्या वनडीएस मार्क थ्रीत २१ मेगापिक्सेल होते, डी३मध्ये अवघे १२. पण पहिल्याचा नेहमीचा आयएसओ १६०० वर संपे आणि दुसऱ्याचा ६४०० पर्यंत जाई. २०१६ साली हीच घराणी डी५ आणि वनडीएक्स मार्क टू घेऊन पुन्हा समोरासमोर आली. जाहिरातीत डी५चा आकडा एक लाखाच्या पुढे, कॅननचा ५१,२००. प्रत्यक्ष संधिप्रकाशात मात्र फरक उन्नीस-बीस. उलट भर उन्हात, बांबूच्या सावलीत बसलेल्या जनावराचे चित्र मागाहून उजळावयाचे ठरविले, तर कमी आयएसओवर डी५च्या सावल्यांत कण अधिक उमटतात आणि कॅननच्या सावल्या स्वच्छ राहतात. रात्रीचा राजा दिवसा थोडा उणा पडतो, ही गोष्ट आकड्यांच्या तक्त्यात सहसा सापडत नाही.

असा निवाडा करताना दोन पथ्ये पाळावीत. चित्रे सारख्याच आकारात छापून पाहावीत, कारण ४५ मेगापिक्सेलचे चित्र पडद्यावर पूर्ण फुगवून पाहिले तर ते १२ मेगापिक्सेलच्या चित्रापेक्षा उगाच गचाळ भासते. आणि कॅमेऱ्याने आतल्या आत धुऊनपुसून दिलेल्या जेपेग चित्रावर विश्वास न ठेवता कच्ची, म्हणजे रॉ फाईल तपासावी. ही धुलाई कणांबरोबर केसही पुसून टाकते. राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात २०१८ साली, तेरा जणांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले त्या टी-वन वाघिणीचा माग काढताना कॅमेरा-ट्रॅपच्या चित्रांचा आधार घेतला जात होता. वाघाची ओळख पटते ती अंगावरच्या पट्ट्यांच्या ठेवणीवरून. अशा चित्रात पट्ट्याची कड दाणेदार असली तरी चालते, गुळगुळीत होऊन फिसकटली तर पुरावाच गेला.

परंतु मला जे सांगावयाचे आहे ते याहून निराळे आहे. हाताळणी हा नॉईजपासून वेगळा, दुय्यम मुद्दा आहे असे मानून लोक त्याला शेवटच्या परिच्छेदात ढकलतात; वास्तविक सेन्सरला उजेड चारतो तो हातच. वाघ चालता चालता थांबला, तर एक सहस्रांश सेकंदावरून एक अडीचशांशावर येणे म्हणजे चौपट प्रकाश आणि नॉईजच्या तुलनेत चित्र दुप्पट स्वच्छ. एवढी मजल कारखानदारांना गाठावयाची तर वर्षे खर्ची पडतात, आणि इथे ती अंगठ्याच्या मोजक्या टिचक्यांत साधते. मात्र त्या टिचक्या डोळा न हलविता, अंधारात, गाडी गचके खात असताना मारता आल्या पाहिजेत. डी५च्या कळांना आतून दिवा आहे. कॅननच्या या मालिकेला तो २०२० च्या मार्क थ्रीपर्यंत मिळाला नाही. कॅननचे मागचे मोठे चाक हातमोज्यातूनही फिरते. निकॉनची दोन चाके बोट आणि अंगठा यांच्यात काम वाटून घेतात. लेन्स बसविण्याची आणि फोकसचे कडे फिरविण्याची दिशा तर दोघांची परस्परविरुद्ध, जणू भाऊबंदकीच. दोन्ही कॅमेरे दीड किलोच्या आसपास. त्यांना ४०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स जोडली तर त्या पिढीतल्या लेन्सचे पावणेचार किलोंहून अधिक वजन वेगळे. म्हणून जिप्सीच्या कठड्यावर तांदळाने भरलेली बीनबॅग टाकून तिच्यावर हे धूड निजवितात; आधार स्थिर झाला की शटर मंद ठेवता येते, आणि त्या चार मुठी तांदळांनी नॉईज जितका कमी होतो, तितका पुष्कळदा नव्या कॅमेऱ्यानेही होत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. एकदा मी परक्या घराण्याचा, सर्व तक्त्यांत अव्वल ठरलेला कॅमेरा उसना घेऊन गेलो. पाणवठ्याच्या वळणावर वाघीण निघाली, चांगली दहा-बारा पावले रस्त्यावरून चालली, थांबली, आमच्याकडे पाहिले. माझा अंगठा वर्षानुवर्षांच्या सवयीने जिथे गेला तिथे ती कळ नव्हतीच. ती शोधून मी मान वर केली तोवर सूर्य सागांच्या वर आला होता. त्या सकाळचे एकच छायाचित्र माझ्यापाशी आहे. त्यात नॉईज औषधालाही नाही, आणि वाघीणही नाही.