दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील निपाणी

कोल्हापूरहून बेळगावच्या रस्त्याला लागलेल्या प्रवाशाला निपाणी गाठेपर्यंत दोन नद्या ओलांडाव्या लागतात. कागल मागे टाकले की पहिली लागते ती दूधगंगा. तिच्या पलीकडे कोगनोळीला पाट्यांवरची लिपी बदलते आणि कर्नाटक राज्य सुरू होते. पुढे सौंदलगा सोडून यमगर्णीला आले की दुसरी, वेदगंगा. ती ओलांडली की निपाणी आलीच. करवीरकरांना हे गाव परके नाही. सोयरीक, बाजारहाट आणि देवधर्म या तिन्ही नात्यांनी ते आपल्याशी जोडलेले आहे. तथापि निपाणीचे नाव निघाले की आपल्याला तंबाखू आठवते, नाही तर सीमाप्रश्न आठवतो. ज्या खोऱ्याच्या जिवावर हे गाव उभे आहे, ते मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गायनाच्या वर्गासाठी आठवड्यातून एकदा माझे तिकडे जाणे होते. त्या येण्याजाण्यात या खोऱ्याविषयी मनात जे साठत गेले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

दोन्ही नद्या सह्याद्रीच्या लेकी. वेदगंगा भुदरगड तालुक्यात पाटगावच्या अंगाला उगम पावते आणि गारगोटीवरून कागल तालुक्यात उतरते. दूधगंगा राधानगरीकडच्या डोंगरांतून येते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, निपाणीच्या रानात तो बेताचाच पडतो. म्हणजे पाऊस एकीकडचा आणि पाणी दुसरीकडे, असा हा व्यवहार आहे. भोज गावाजवळ दोघी एकत्र होतात. जैन समाजाला पूज्य असलेले आचार्य शांतिसागर महाराज याच परिसरातले. संगमानंतर नाव उरते ते दूधगंगेचे, आणि पुढे चिकोडी तालुक्यात तीही कृष्णेला मिळते.

या नद्यांना सीमा ठाऊक नाही. माणसांनी मात्र त्या पुष्कळ वेळा आखल्या. कागल कोल्हापूर संस्थानात आणि निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात, अशी वाटणी जुनीच होती. उलटपक्षी, आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत आपल्या संस्थानाचा मुलूख होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. कागदोपत्री एवढे फेरफार झाले, पण रानात काय पेरायचे ते ठरवले मातीने आणि पाण्याने.

मातीने ठरवले ते तंबाखूचे पीक. निपाणीची तंबाखू ती विडीची. पावसाळ्याच्या तोंडाला तरू टाकायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात रोपे लावायची आणि पाऊस ओसरल्यावर काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढवायची, अशी ही कोरडवाहू रीत. पाणी फारसे लागत नाही, माणूस मात्र फार लागतो. शेंडे खुडायचे, बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा काढायचे, तेव्हा कुठे सगळा कस पानात उतरतो. जानेवारी-फेब्रुवारीत कापणी झाली की पाला उन्हात वाळवतात. वाळलेले पान भर दुपारी हाताळले तर त्याचा चुरा होतो, म्हणून ते उलथण्याचे आणि गोळा करण्याचे काम पहाटे, दवाने पान मऊ पडलेले असताना चालते. निपाणीच्या कृषी संशोधन केंद्राने विडी-तंबाखूच्या एका वाणाला ‘वेदगंगा’ हे नाव दिले, ते उचितच होय.

रानातला पाला वखारीत येतो. निपाणीची पेठ उभी राहिली ती या वखारींवर. पिकवणारा शेतकरी आणि भाव ठरवणारा व्यापारी, अशी तिथली रीत होती. तंबाखूवर १९४३ साली बसलेला अबकारी कर कच्च्या पानावरून १९७९ साली उठला, पण भावाचा प्रश्न तसाच राहिला. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकरी प्राणास मुकले. त्या दिवसाची आठवण या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही निघते.

त्यानंतरच्या काळात खोऱ्याचे रूप पालटले ते पाण्याने. वेदगंगेवर पाटगावचे आणि दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले, नदीच्या पात्रात जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. काळम्मावाडीच्या पाण्यात कर्नाटकाचाही वाटा आहे. काठावर मोटारी बसल्या, पाइप लांबवर गेले आणि जिथे कोरडवाहू तंबाखू होती तिथे ऊस उभा राहिला. उरलेल्या रानात सोयाबीन आले. बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा कारखाना महाराष्ट्रातला आणि चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा कारखाना कर्नाटकातला, पण दोघांच्या पाटीवर नदी तीच. निपाणीच्या कारखान्याने नाव घेतले ते हालसिद्धनाथाचे. आप्पाचीवाडीच्या यात्रेत या देवाची भाकणूक ऐकायला आपल्याकडचीही माणसे लोटतात, कारण पाऊसपाण्याचे आणि पिकाचे बोल तिच्यात असतात.

उसाने शेतकऱ्याला स्थैर्य दिले, यात शंका नाही. उसाच्या किमान दराला कायद्याचा आधार आहे, तंबाखूला तो नव्हता. नदी कधी कधी आपले देणे वसूलही करते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला आणि काठचा ऊस बुडाला. तरीही पाणी ओसरल्यावर शेतकऱ्याने पुन्हा ऊसच लावला.

परंतु या हिशेबात एक बाजू राहून जाते. वखारीत पाला कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे बायकांची. घरोघरी विड्या वळणाऱ्याही बायकाच. तेंदूची पाने भिजवून कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची, आणि मजुरी मिळायची ती हजार विड्यांच्या मापाने. मालाच्या मोजणीत छाट म्हणून ज्या विड्या बाजूला पडतात, त्यांचे श्रम फुकट जातात. वखारीतील या स्त्रियांनी संघटना बांधून जो लढा दिला, त्यावर ‘युगांतर’ या चित्रपट-मंडळींनी १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा लघुपट काढला. आवाजाचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याच्या कानाला आणखी एक गोष्ट जाणवते. वर्गात येणाऱ्या मुलींपैकी ज्यांच्या घरी विडीचे काम चालते, त्यांना तार सप्तकात जाताना ठसका लागतो. तंबाखूचा खकाणा घरात अंथरुणापर्यंत गेलेला असतो. ‘आईला सांग, सुपे अंगणात नेत जा,’ असे मी एकीला म्हणालो. ‘अंगण कुठलं, सर?’ असे ती म्हणाली.

विडी सुटावी असे आरोग्याच्या दृष्टीने कोणालाही वाटेल. ती सुटतेही आहे. प्रश्न एवढाच की, जमीन जसे पीक बदलते, तसा धंदा या हातांना बदलता येत नाही. ज्यांच्यापाशी रान होते, त्यांना धरणाच्या पाण्याने ऊस दिला. ज्यांच्यापाशी फक्त हात होते, त्यांच्या वाट्याला त्या पाण्यातले काही आले नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. केरळात कण्णूर येथे विडी कामगारांनी १९६९ साली ‘दिनेश विडी’ ही आपली सहकारी संस्था काढली. कामगारच तिचे मालक. पुढे विडीचा खप घटू लागला, तेव्हा या संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या असे नवे उद्योग सुरू केले आणि आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडले नाही. सहकार म्हणजे काय, हे या खोऱ्याला नव्याने शिकवावे लागणार नाही. भाग-भांडवल गोळा करून साखर कारखाने उभारणारी माणसे इथलीच, दोन्ही तीरांवरची. नदीच्या पाण्याचा वाटा दोन राज्यांनी मोजून घेतला. तेवढ्याच काटेकोरपणे या बायकांचा वाटा मोजण्याचे मनावर घेतले, तर या खोऱ्याची संपत्ती सगळ्या खोऱ्याची झाली, असे म्हणता येईल.