विश्लेषण : प्रिंट सर्व्हरचा प्रोसेसर का तापतो?

महिनाअखेरीला पगारपत्रके, बिले, चलने एकदमच छपाईला जातात आणि नेमका तेव्हाच कार्यालयातला प्रिंट सर्व्हर अडून बसतो. प्रिंटर सुरू, कागद भरलेला, नेटवर्कही ठीक. पण प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांना टेकलेला. मग सर्व्हर रीस्टार्ट केला जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे का होते?

रीस्टार्टने का भागत नाही?

विंडोजवर छपाईची रांग ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा सांभाळते. आलेले प्रत्येक काम ती सर्व्हरच्या डिस्कवर साठवते. एका फाइलमध्ये छापायचा मजकूर, दुसरीत ते कोणाचे, कोणत्या प्रिंटरसाठी ही माहिती. या फाइल रीस्टार्टनंतरही तिथेच राहतात. त्यामुळे एखादे काम बिघडलेले असेल, तर स्पूलर सुरू होताच पुन्हा त्याच कामाशी झटू लागतो. उपाय म्हणून अनेक जण सेवा थांबवून ते फोल्डरच रिकामे करतात. पण त्यात सर्व प्रिंटरची, सर्वांची कामे असतात. लेखा विभागाची दोनशे पाने त्यात गेली, तर ती पुन्हा पाठवावी लागणार हे कोणी तरी त्यांना आधी सांगायला हवे. आधी रांगेत ‘एरर’ किंवा ‘डिलीटिंग’ दाखवत अडकलेले काम शोधावे. फाइल पुसण्याऐवजी दुसरीकडे हलवाव्यात.

खरा दोषी कोण?

बहुधा ड्रायव्हर. तो स्पूलरच्याच प्रक्रियेत चालत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये नाव स्पूलरचे दिसते, चूक मात्र ड्रायव्हरची असते. (चार कोरच्या यंत्रावर वापर २५ टक्क्यांवर खिळला, तरी निर्धास्त राहू नये; एक कोर पूर्ण अडकल्याची ती खूण असू शकते.) विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ‘ड्रायव्हर आयसोलेशन’ची सोय आहे. प्रिंट मॅनेजमेंटमध्ये संशयित ड्रायव्हर ‘आयसोलेटेड’ केला की तो स्वतंत्र प्रक्रियेत चालतो. मग प्रोसेसर कोण खातो ते उघड दिसते आणि तो कोसळला तरी बाकीची छपाई सुरू राहते. ही सोय इतकी कमी वापरली जाते, याचे नवल वाटते.

‘प्रिंटसर्व्हिस’ची ऑपरेशनल नोंदवही मुळात बंद असते, ती सुरू करावी. कोणाचे काम, किती पानांचे, हे त्यात कळते. प्रिंटरच्या शेअरिंगमध्ये ‘क्लायंट संगणकावर रेंडर करा’ हा पर्याय बंद असल्यास पाने तयार करण्याचा भारही सर्व्हरवर पडतो, तोही तपासावा.

ड्रायव्हर बदलताना काय?

२०२१ मध्ये स्पूलरमधील ‘प्रिंटनाइटमेअर’ ही सुरक्षा त्रुटी उघड झाली. त्यानंतरच्या अद्ययावतीकरणामुळे सर्व्हरवरून ड्रायव्हर घेण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. म्हणजे सर्व्हरवर ड्रायव्हर बदलला, की कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर पासवर्ड मागणारी खिडकी उघडू शकते. त्यामुळे आधी एकाच प्रिंटरवर चाचणी घ्यावी, आणि तीही पगाराच्या आठवड्यात नव्हे.