प्रवेशाचा अर्ज घरी भरा, पोराला धीर द्या



पेरणीची घाई आणि मुलांच्या प्रवेशाची घाई एकदमच दाराशी येते. पोराला घेऊन तुम्ही कोल्हापूर गाठता. शिवाजी पेठेत न्यू कॉलेज आहे, गावाकडची मुले खोल्या घेऊन शिकतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून या शहरात वसतिगृहे काढली, ती गरजू पोरांना आधार मिळावा म्हणून. आज असाच आधार काही खासगी सल्लागार भरमसाट फी घेऊन विकतात. "आमच्याशिवाय चांगले कॉलेज मिळायचे नाही," असे ऐकले की आईबाप घाबरतात आणि उसाचे बिल त्यातच जाते.

म्हणून प्रवेश होतो कसा, ते आधी समजून घ्या. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी पदवी यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. गुणवत्ता यादी लागते. मुलगा पसंतीची कॉलेजे क्रमाने भरतो. यादीतील क्रमानुसार एकेकाचा अर्ज पाहिला जातो आणि त्याच्या प्रवर्गात जे वरच्या पसंतीचे कॉलेज शिल्लक असेल, ते मिळते. या फेऱ्यांत सल्लागाराचा हात कोठेच पोचत नाही. प्रवेशाची हमी देणाऱ्याला पैसे मोजू नका.

मग काय करावे? मुलाला मनापासून हवे असलेले कॉलेज पहिले लिहावे. मात्र पहिली पसंती मिळाली, तर बहुधा ती जागा घ्यावीच लागते, म्हणून विचार करूनच लिहावी. माहितीपुस्तिका आणि मागील वर्षाचे कट-ऑफ कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. रहिवासी दाखला, जात प्रमाणपत्र व त्याची पडताळणी, लागत असल्यास नॉन-क्रिमीलेअर हे कागद पेरणीआधीच तयार ठेवावेत. कृषी पदवीसाठी सातबाराही काढून ठेवावा. अर्जाचा पासवर्ड परक्याच्या हाती देऊ नये. अडले तर बारावीच्या शिक्षकांना विचारावे.

शिकवणीवर्गांनी क्रमांकाची वा गुणांची हमी देऊ नये, मुलाने मध्येच वर्ग सोडल्यास उरलेल्या दिवसांची फी परत करावी, अशा केंद्र शासनाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. म्हणून फीची पावती घ्याच.

आता पैशाहून मोठी गोष्ट. पैसा बुडाला तर पुढच्या हंगामात भरून निघेल, पोर खचले तर ते कशाने भरून निघणार? "तुझ्यापायी कर्ज काढले," "शेजाऱ्याचा बघ कुठे पोचला," हे ताटावर बसलेल्या पोराला ऐकवू नका. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, गप्प गप्प राहत असेल, तर कामे बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा. १४४१६ हा शासनाचा टेलिमानस दूरध्वनी २०२२ पासून आहे. तेथे रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते. त्यात कमीपणा नाही.

माळावर ऊस आणि पाणथळीत भुईमूग आपण लावत नाही. जमीन पाहून पीक घेतो. मुलाचा कल पाहूनच त्याची वाट ठरवा आणि अर्ज भरताना त्याला शेजारी बसवून विचारा, "बाळा, तुला काय व्हायचंय?"